स्मॉल ब्लॉक बोट इंजिनाची ताकद आणि वेग वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या आसपास खिंडसीला, गोसेखुर्दच्या बॅकवॉटरला किंवा एखाद्याच्या खाजगी तलावात ज्या मोटरबोटी दिसतात, त्यातल्या बहुतेक आउटबोर्डच्या (मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाच्या) असतात. पण मुंबई-गोव्याकडून जुनी व्ही-८ बोट ट्रेलरवर टाकून आणणारे हौशी लोक इथेही आहेत. बोट आणली, दोन रविवार फिरवली, की तिसऱ्या रविवारी फोन येतो: "भाऊ, हिचा टॉप वाढवायचा आहे." पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

स्मॉल ब्लॉक म्हणजे नेमकं कोणतं इंजिन?

शेवरोलेने १९५५ मध्ये काढलेलं व्ही-८ पेट्रोल इंजिन आणि त्याचे पुढचे भाऊबंद. बोटीत सर्वात जास्त आढळतं ते ३५० घनइंचाचं, म्हणजे ५.७ लिटरचं. त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३.४८ इंच. त्याखालोखाल ५ लिटरचं ३०५ दिसतं. ४.३ लिटरचं व्ही-६ म्हणजे याच ३५० मधले दोन सिलिंडर कमी केलेलं इंजिन, बोअर-स्ट्रोक तेच. त्यामुळे खालचं बरंचसं त्यालाही लागू पडतं. मर्क्रूझर किंवा व्होल्व्हो पेंटा अशी पाटी वर असली तरी त्या काळातल्या या मापाच्या इंजिनांचा आतला ब्लॉक बहुधा हाच असतो.

वेग वाढवायचा आहे. सुरुवात कुठून करू?

इंजिन उघडण्यापासून नक्कीच नाही. आधी पाण्यावर जा. नेहमीइतकी माणसं आणि निम्मी टाकी पेट्रोल घेऊन थ्रॉटल पूर्ण उघडा, ट्रिम (पंख्याचा कोन) नीट लावा आणि दोन आकडे लिहून घ्या: टॅकोमीटरवरचे आरपीएम आणि मोबाइलच्या जीपीएसवरचा वेग. पाणी संथ असलं तरी दोन्ही दिशांनी एकेक फेरी घ्या, वारा असतोच.

कार्बोरेटरवाल्या ५.७ लिटरला पूर्ण थ्रॉटलवर साधारण ४४०० ते ४८०० आरपीएम गाठता आले पाहिजेत. तुमच्या इंजिनाचा नेमका पट्टा त्याच्या मॅन्युअलमध्ये असतो. बोट ४००० वरच अडत असेल, तर इंजिनात असलेली ताकदसुद्धा तुम्हाला मिळत नाहीये, कारण पंखा (प्रोपेलर) जास्त पिचचा आहे, म्हणजे एका फेऱ्यात बोटीला जास्त पुढे ढकलू पाहतो. पिच एक इंच कमी केली की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. म्हणजे तीन-चार इंच कमी पिचचा पंखा लावला की हेच इंजिन आपल्या पट्ट्यात येतं. उलट ५००० च्या वर पळत असेल तर पिच कमी पडते आहे.

हिशेब घरी करता येतो. आरपीएमला पिचने (इंचात) गुणा, त्याला ०.००१५२४ ने गुणा आणि ड्राइव्हच्या (इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत नेणाऱ्या गिअरपेटीच्या) गिअर रेशोने भागा. हा झाला ताशी किलोमीटरमध्ये कागदावरचा वेग. ४६०० आरपीएम, १९ पिच आणि १.५ रेशो धरला तर साधारण ८९ येतात. पंखा पाण्यात थोडा घसरतोच. अशा हलक्या बोटीत १० ते १५ टक्के घसरण चालते, म्हणजे प्रत्यक्षात ७५ ते ८०. तुमच्या जीपीएसवर ६० दिसत असतील तर घोळ पंख्यात, बुडात किंवा वजनात आहे आणि त्यासाठी इंजिनावर पैसे ओतण्यात अर्थ नाही.

आता बूड पाहा. वर्षभर पाण्यात उभ्या बोटीला शेवाळाचा थर चढतो आणि तो वेग खातो. पंख्याची पाती दगडाला घासून वाकलेली असली तरी तसंच. जुन्या फायबर बोटींच्या तळाशी भरलेला फोम पाणी पिऊन जड झालेला असतो, आणि हे बाहेरून कळत नाही. ट्रेलरसकट धर्मकाट्यावर न्या, मग रिकामा ट्रेलर तोला, उत्तर मिळेल. दीड टनाच्या बोटीतून १०० किलो कमी झाले की वेग ३ टक्क्यांच्या आसपास वाढतो. तेच ३ टक्के २६० एचपीच्या इंजिनातून काढायचे तर अंदाजे १६ ते १८ एचपी जादा लागतील. दोन्हीचा खर्च तुम्हीच ताडून पाहा.

२६० चे ३२० एचपी केले तर वेग किती वाढेल?

अपेक्षेपेक्षा कमी. पाण्यावर सपाट उचलून पळणाऱ्या बोटीचा वेग ताकदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, असा ढोबळ पण भरवशाचा नियम आहे. २६० वरून ३२० म्हणजे २३ टक्के जादा ताकद, पण वेगात फरक सुमारे ११ टक्के. ताशी ७५ ची बोट ८३ वर जाईल. वेग दुप्पट हवा असेल तर ताकद चौपट लागते. हे ऐकल्यावर निम्मे लोक पंखा आणि बुडावर समाधान मानतात. त्यांचं काही चुकत नाही.

आमची बोट लाकडी आहे, पर्यटकांना फिरवायची. तिला मोठं इंजिन लावलं तर पळेल का?

नाही. पाणी कापत जाणाऱ्या गोल बुडाच्या बोटीला तिच्या लांबीची मर्यादा असते. पाण्यातली लांबी १६ फूट असेल तर ताशी १० किलोमीटरच्या आसपास ती आपल्याच लाटेत अडकते. त्यापुढे इंजिन फक्त पेट्रोल पितं आणि मागचं टोक खाली बसवतं.

नागपूरच्या उन्हाचा इंजिनावर काय परिणाम होतो?

चांगलाच होतो, आणि याचा विचार फार कमी लोक करतात. इंजिनाचे एचपी साधारण २५ अंशांच्या हवेत मोजलेले असतात. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो. त्या हवेची घनता २५ अंशांच्या हवेपेक्षा ६ टक्क्यांनी कमी असते. शिवाय नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, म्हणजे आणखी ३ टक्क्यांच्या वर घट. मुंबईच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात पळालेली बोट आपल्याकडे मेच्या दुपारी जवळपास दहा टक्के ताकद गमावून बसते, आणि लोक म्हणतात विकणाऱ्याने फसवलं.

वर, बंद इंजिन-कप्प्यातली हवा बाहेरच्या हवेपेक्षाही गरम असते आणि कार्बोरेटर तीच ओढतो. कप्प्याचे हवेचे झरोके मोकळे करणं आणि बाहेरची ताजी हवा कार्बोरेटरच्या जवळ येईल अशी वाट करून देणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे. मात्र हे करताना फ्लेम अरेस्टर (कार्बोरेटरवरची धातूची जाळी) काढायचा नाही. कारचा फोम किंवा कागदी फिल्टर त्याच्या जागी चालत नाही. बॅकफायर झाला तर ज्वाळा आतच अडवणं हे त्या जाळीचं काम आहे.

चाचणी सकाळी लवकर घ्या, आणि आधीची-नंतरची तुलना एकाच ऋतूत करा. जानेवारीतला वेग आणि मेमधला वेग शेजारी ठेवून "नव्या कॅमने (वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याने) काहीच झालं नाही" म्हणणारे भेटतात.

इथेनॉलच्या पेट्रोलवर हे जुनं इंजिन चालेल का?

चालतं, पण काळजीने. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. मर्क्रूझरसारखे बोट इंजिनाचे उत्पादक १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. अडचणी तीन आहेत. जुने रबरी पाइप, डायफ्रॅम आणि फायबरच्या टाक्या इथेनॉलने मऊ पडतात किंवा विरघळतात. आणि हे सगळं बंद कप्प्यात, बॅटरीच्या शेजारी! दुसरं, इथेनॉल हवेतली वाफ शोषतं. जुलैत टाकी अर्धी भरून बोट शेडमध्ये ठेवली तर दिवाळीपर्यंत तळाशी पाण्याचा वेगळा थर बसलेला असू शकतो.

तिसरी अडचण ताकद वाढवणाऱ्यांची. इथेनॉलमध्ये मुळात ऑक्सिजन असतो, त्यामुळे साध्या पेट्रोलसाठी लावलेल्या कार्बोरेटरचं मिश्रण पातळ होतं. पूर्ण थ्रॉटलवर पातळ मिश्रण म्हणजे जळका पिस्टन. मुख्य जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची भोकं) एक-दोन नंबर मोठे घ्या आणि पूर्ण वेगाच्या फेरीनंतर लगेच इंजिन बंद करून प्लगचा रंग पाहा. फिकट बदामी हवा. पांढराफटक दिसला तर आणखी मोठे जेट लावा. पेट्रोलचे सर्व पाइप इथेनॉल सोसणाऱ्या मरीन दर्जाचे, आणि टाकीनंतर पाणी वेगळं करणारा फिल्टर, हे दोन्ही आधी करून मगच ताकदीचं बोला.

एक जमेची बाजू: हे पेट्रोल साधारण ९५ ऑक्टेनचं आहे. अमेरिकेत या इंजिनांना जे '८७' चालतं ते आपल्या मापात ९१-९२ च्या आसपास येतं. म्हणजे साध्या इंजिनाला ऑक्टेन कमी पडत नाही.

हेड थोडं घासून घेतलं तर पॉवर वाढते का जी?

वाढते, पण बोटीत हा रस्ता धोक्याचा आहे. हेड प्लेन केलं की कॉम्प्रेशन चढतं. गाडी पूर्ण थ्रॉटलवर क्वचित काही सेकंद असते. बोटीचं इंजिन म्हणजे पूर्ण भरलेला ट्रक सतत घाट चढतो आहे असं समजा, उतार येतच नाही. त्या भाराखाली ठोका (पेट्रोल अवेळी पेटण्याचा धक्का) सुरू झाला तर पाण्याच्या आणि हवेच्या आवाजात तो ऐकूही येत नाही. लोखंडी हेड असेल तर कॉम्प्रेशन ९.५ च्या आत ठेवा. वाकलेलं हेड सपाट करण्यापुरतं फेसिंग ठीक.

मग खरी ताकद कशातून येते?

हवेच्या येण्याजाण्यातून. जुन्या ३५० ची हेड दमकोंडीची होती. १९९६ पासून आलेली व्होर्टेक हेड हा या कुटुंबातला सर्वात पैसावसूल बदल मानला जातो: ६४ सीसीची चेंबर, सुधारलेली वाट, आणि तरीही साधं लोखंड. त्यांना त्यांचाच इनटेक मॅनिफोल्ड लागतो, जुन्याचे बोल्ट जुळत नाहीत. चेंबर लहान असल्यामुळे तुमच्या पिस्टनसोबत कॉम्प्रेशन किती होतं ते आधी मोजून घ्या.

आणि इथे गाडीवाल्यांचं सगळं शहाणपण फसतं ते कॅमशाफ्टवर. गाडीत जोरदार ओव्हरलॅपचा कॅम टाकला की आयडलला गुरगुर येते, ती ऐकायला बरी वाटते. बोटीत एक्झॉस्टच्या धुरात थंड पाणी मिसळून बाहेर सोडलेलं असतं. कमी आरपीएमवर दोन्ही वॉल्व्ह एकाच वेळी जास्त उघडे राहिले तर एक्झॉस्टमधली लाट उलटी फिरते आणि पाण्याचे थेंब सिलिंडरमध्ये ओढून आणते. आधी वॉल्व्ह गंजतात. जास्त पाणी आलं तर पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे घडतं ते जेट्टीजवळ हळूहळू येताना, टॉप स्पीडला नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. कंपनीचाच ओला एक्झॉस्ट ठेवणार असाल तर मरीन ग्राइंडचाच (बोटीसाठी घडवलेला) कॅम घ्या, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबमधलं अंतर) ११२ ते ११४ अंश. त्याहून गरम कॅम हवा असेल तर आधी पाणी बरंच पुढे मिसळणारा एक्झॉस्ट घ्यावा लागतो, आणि तिथे बजेट दुप्पट होतं.

जुन्या, बिनरोलरच्या कॅमला झिंक असलेलं तेल द्या. आजच्या गाड्यांची पातळ तेलं त्याला पुरत नाहीत.

३८३ करून घेऊ का?

ब्लॉक उघडावाच लागणार असेल, म्हणजे बोअर घासला असेल किंवा क्रँक गेला असेल, तर हो, विचार करा. ३५० चा ब्लॉक ०.०३० इंच मोठा बोअर करून ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक बसवला की ३८३ घनइंच, सुमारे ६.३ लिटर होतात. फायदा टॉर्कमध्ये दिसतो: बोट लवकर उचलली जाते, स्कीवर माणूस ओढताना इंजिन धापा टाकत नाही. मर्क्रूझरनेही याच वाटेने ६.२ लिटरचं ३२० एचपीचं इंजिन काढलं होतं, तर त्यांचं इंजेक्शनवालं ३५० मॅग ३०० एचपीचं होतं. कंपनीने काय मिळवलं ते पाहिलं की ४५० एचपीच्या बाता मारणाऱ्यांचा हिशेब लागतो.

लांब स्ट्रोकमुळे रॉडचे बोल्ट ब्लॉकच्या कडेला आणि कॅमला घासतात. तिथे ब्लॉक थोडा कोरावा लागतो. १९८६ पासूनच्या ब्लॉकला मागचं सील एका तुकड्याचं आहे आणि बॅलन्सची पद्धतही वेगळी आहे, म्हणून क्रँक मागवताना वर्ष सांगा. बॅलन्सिंग न करता जोडलेलं ३८३ मी कोणाला घेऊ देत नाही.

हे काम नागपुरात होईल का?

मशीनिंग होतं. ट्रॅक्टर-ट्रकचे लोखंडी ब्लॉक बोअर करणारे चांगले कारागीर शहरात आहेत, होनिंग आणि वॉल्व्ह सीटची कामंही नीट करतात. अडतं ते मापांवर. इंजिन पूर्ण इंची आहे, आटे अमेरिकी आहेत. जवळपास बसतो म्हणून मेट्रिक बोल्ट ठोकला की आटा गेला. पाने आणि बोल्ट स्वतः घेऊन जा, पिस्टनच्या डब्यावरची क्लिअरन्स मराठीत कागदावर लिहून द्या.

दोन गोष्टी कारागिराला सांगितल्याच पाहिजेत. या इंजिनाचे हेडबोल्ट थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये उतरतात, त्यांच्या आट्यांना सीलंट लावल्याशिवाय ते पाझरतात. दुसरं, फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२ आहे, पण दोन इंजिनांच्या बोटीतलं एखादं इंजिन उलट फिरणारं असू शकतं. त्याचा कॅम, स्टार्टर, सील वेगळे असतात. आधी कोणतं आहे ते ओळखा.

कारचे पार्ट स्वस्त मिळतात. ते लावले तर?

ब्लॉक, क्रँक, पिस्टन, हेडचं लोखंड यांत फारसा फरक नाही. पण स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, कार्बोरेटर आणि पेट्रोल पंप कारचे लावू नका. इथे काटकसर नाहीच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साठते आणि गाडीसारखी खालून निघून जात नाही. मरीन स्टार्टर-अल्टरनेटरची ठिणगी बाहेर पडत नाही, मरीन कार्बोरेटर भरून वाहिला तर पेट्रोल आतच जातं, पंपाचा डायफ्रॅम फाटला तर गळती नळीतून दिसते. स्टार्ट करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर (कप्प्यातली वाफ बाहेर फेकणारा) चालवा, आणि तरी वास आला तर चावी फिरवू नका.

हेड गॅस्केट आणि कोअर प्लगही मरीनचेच, पितळी प्लग.

सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप)?

४५ अंशांची हवा आणखी दाबून गरम करायची आणि तीही सतत पूर्ण भारावर. आपल्याकडे नको.

जादा ताकद ड्राइव्हला झेपेल का?

मर्क्रूझरचा अल्फा वन ड्राइव्ह साधारण ३०० एचपीपर्यंतचा आहे. त्यापलीकडे त्यांचाच ब्राव्हो लागतो, आणि तो बदलणं इंजिनाच्या कामापेक्षा महाग पडू शकतं. ड्राइव्ह मोडतो तो सरळ रेषेत नव्हे, लाटेवरून उडून पंखा हवेत फिरतो आणि परत पाणी पकडतो तेव्हा. गिअर ऑइल दर हंगामात काढून पाहा. दुधाळ असेल तर सील गेलं आहे, ताकदीचा विषय तिथेच थांबवा.

मुंबईची बोट घेतली आहे. आधी काय तपासू?

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझर (त्याच्या वरचा, धूर आणि पाणी एकत्र करणारा भाग). खाऱ्या पाण्यात ते काही वर्षांतच आतून कुजतात आणि पाणी सिलिंडरमध्ये गळू लागतं. बाहेरून मात्र नवा रंग मारलेला असतो. इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट आठही सिलिंडरची घ्या. आकडे किती यापेक्षा ते एकमेकांना किती जुळतात ते महत्त्वाचं. बोट इथल्या गोड्या पाण्यात आल्यावर नवे मॅनिफोल्ड खूप टिकतात, एवढं आपल्या तलावांचं सुख.

इंजिन गरम होतं म्हणून मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढायला सांगितलं.

काढू नका. तलावाचं पाणी थेट फिरवणाऱ्या इंजिनात साधारण ६० अंशांचा थर्मोस्टॅट असतो. तो नसला की इंजिन थंडच राहतं, पेट्रोल तेलात उतरतं आणि बोअर झिजतो. कारण दुसरीकडे शोधा: इम्पेलर (पाणीपंपातली रबरी पात्यांची चकती), तुंबलेली पाण्याची वाट, ड्राइव्हच्या जाळीत अडकलेली जलपर्णी. पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्याने इम्पेलरची पाती लवकर झिजतात, दरवर्षी बदला. जमिनीवर इंजिन चालवताना पाणी लावल्याशिवाय एक मिनिटही नको.

त्याऐवजी ट्रकचं डिझेल इंजिन बसवलं तर?

फेरीबोटीला ठीक. ड्राइव्हसकट सुमारे ४०० किलोच्या पेट्रोल इंजिनाच्या जागी त्याहून जड डिझेल टाकून वेग वाढत नाही.

परवानगी लागते का? कुठे पळवू शकतो?

इंजिनवर चालणाऱ्या बोटीला अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ लागू होतो. तलाव, नदी, बॅकवॉटर सगळं त्यात येतं. नोंदणी आणि तपासणीसाठी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे जावं लागतं. इंजिन बदललं किंवा ताकद वाढवली तर तो बदल नोंदवा, नाहीतर अपघातानंतर विमा हात वर करतो. पाणी ज्या खात्याचं आहे त्याची परवानगी वेगळी, आणि पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतल्या तोतलाडोहमध्ये वनविभागाच्या परवानगीशिवाय बोट घालायचा विचारच करू नका.

गोसेखुर्दच्या बॅकवॉटरमध्ये बुडालेली गावं आणि झाडं आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुंधे पृष्ठभागाच्या जरा खाली येतात. ताशी ८० ला त्यातला एक पुरतो. स्थानिक ढिवर बांधवांना वाट विचारा, त्यांना तळ पाठ असतो. त्यांची जाळी पहाटे पाण्यात असतात, त्या वेळी आणि त्या बाजूला बोट पळवू नका. जाळं पंख्यात गुंडाळलं तर तुमचं सील जातं आणि त्यांची रोजी.

पेट्रोल किती लागेल?

पूर्ण थ्रॉटलवर २६० एचपीला तासाला ७५ ते ८० लिटर. ताकद वाढवली की त्याच प्रमाणात जास्त. बोट सपाट उचलल्यावर ३००० ते ३५०० वर चालवली तर खप बराच खाली येतो.

इंजिन बांधून झालं. लगेच पळवू का?

पहिले दहा तास पूर्ण थ्रॉटल धरून ठेवू नका, आरपीएम सतत बदलत राहा, फार वेळ आयडललाही सोडू नका, रिंगा बसायला भार लागतो. वीस तासांनी तेल आणि फिल्टर बदला. जुना फिल्टर कापून घडीत चकाकणारे कण आहेत का ते बघा. मग सुरुवातीची चाचणी जशी घेतली होती तशीच घ्या: तितकीच माणसं, तितकंच पेट्रोल. आरपीएम आता पट्ट्याच्या वर गेले असतील तर जादा पिचचा पंखा लावायची वेळ झाली. बरेच जण जुनाच पंखा ठेवतात आणि वाढवलेली ताकद रेव्ह लिमिटरवर (आरपीएम अडवणाऱ्या यंत्रणेवर) वाया घालवतात.